चोरी फत्ते, पण माल पचेना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तो चुकीचा घेतला असेल तर लगेच कळेल. तुम्ही 'द लॅव्हेंडर हिल मॉब' पाहिलात आणि पाठोपाठ 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' पाहिलात. दोन्हींत चोरी झकास जमते आणि तरी शेवटी चोरांच्या हाती धुपाटणं. ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुम्ही स्वतः याच जातीची पटकथा लिहिताय. चोरीपर्यंत ती पळते, चोरी झाली की मटकन खाली बसते. तेव्हा चोरांना शेवटी सोडावं की पकडून द्यावं, असं विचारलंत.

मी लेखिका नाही, संकलक आहे. गेली २२ वर्षं इतरांनी लिहिलेलं आणि इतरांनी चित्रित केलेलं कापते. टेबलावर एक गोष्ट लपत नाही: हसू कुठे येतं आणि कुठे यायला हवं होतं पण येत नाही. त्या अनुभवावरून सांगते, तुमचं दुखणं शेवटात नाही. ते बरोबर मध्यावर आहे. चोरी हाच विषय धरून तुम्ही लिहिलंय, त्यामुळे चोरी संपली की विषयही संपला. ब्रिटिश विनोदी चोरीपटात चोरी ही निव्वळ तयारी असते. खरी गोष्ट घबाड हाती आल्यावर सुरू होते.

अर्थात हे सगळ्या चोरीपटांना लागू नाही. तुमचा सिनेमा थरारक असेल, प्रेक्षकाने श्वास रोखून तिजोरीकडे बघावं असं वाटत असेल, तर चोरी शेवटाकडेच हवी. वीस मिनिटांचा लघुपट असेल तर 'नंतर'ला जागाच नाही. पण तुम्हाला हसवायचंय आणि हाताशी दोन तास आहेत, असं धरून पुढचं लिहिते.

'लॅव्हेंडर हिल' पुन्हा एकदा घड्याळ लावून पाहा. १९५१ चा सिनेमा, जेमतेम ८० मिनिटांचा, ईलिंग स्टुडिओचा. हेन्री हॉलंड हा बँकेचा कारकून. सोन्याच्या विटा शुद्धीकरणाच्या कारखान्यातून बँकेत आणणाऱ्या गाडीवर देखरेख ठेवायची, एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं तो हेच करतोय आणि इतका काटेकोर की मागे कुठली मोटार रेंगाळली तरी गाडी थांबवायला लावतो. वरिष्ठांच्या मते माणूस प्रामाणिक, पण कल्पनाशक्ती शून्य. तो राहतो त्याच बोर्डिंगात पेंडलबरी नावाचा भाडेकरू येतो. याचा धंदा पर्यटकांसाठी शोभेच्या वस्तू ओतण्याचा, त्यांत शिशाचे छोटे आयफेल टॉवर. हॉलंडला इतकी वर्षं एकच अडचण होती: सोनं पळवता येईल, पण इंग्लंडबाहेर कसं न्यायचं? आता समोर भट्टी आहे, साचे आहेत आणि पॅरिसला नेहमी जाणारा माल आहे.

दहा लाख पौंडांचं सोनं पळवलं जातं आणि तरी अर्धा सिनेमा शिल्लक राहतो. पुढे काय होतं? सोन्याचे टॉवर पॅरिसला पोचतात आणि खोक्यावरच्या अक्षराच्या उच्चारात गोंधळ होऊन भलतंच खोकं उघडलं जातं. सहा टॉवर विकले जातात. गिऱ्हाईक कोण, तर सहलीला आलेल्या इंग्लिश शाळकरी मुली. दोघे चोर त्यांच्यामागे आयफेल टॉवरचा गोल जिना धावत उतरतात. उतरता उतरता घेरी येते, तोल जातो, हसू आवरत नाही. मग मुलींची बोट गाठायची, तर बंदरावर तिकीट हवं, पासपोर्ट हवा, सीमाशुल्क हवं. एका खिडकीवरून दुसरीवर. दहा लाखांचं सोनं ज्यांनी पोलिसांच्या नाकावर टिच्चून पळवलं, त्यांची बोट रांगेत उभं राहण्यापायी चुकते.

इथे जरा थांबा. या माणसांना कोण हरवतं? पोलीस नाहीत. एक खोक्यावरचं अक्षर, एक तिकिटाची खिडकी आणि एक हट्टी मुलगी. ते मुलींच्या शाळेपर्यंत पोचतात, प्रत्येकीला दुसरा टॉवर आणि वर दहा शिलिंग देऊन सोन्याचा परत घेतात, पण एक मुलगी देत नाही. तिला तो तिच्या ओळखीच्या पोलीसदादाला भेट द्यायचाय. तिच्या हट्टामागे संशय नाही, कर्तव्यही नाही, निव्वळ माया आहे. चोरांनी कायद्याविरुद्ध चोख बेत आखला होता, मायेविरुद्ध आखलाच नव्हता.

या प्रकाराची ही पहिली रीत. चोरांचा खरा प्रतिस्पर्धी पोलीस नसतो, रोजचं सभ्य, रांगेतलं, नियमातलं जगणं असतं. ज्यापासून हॉलंडला सुटायचं होतं, तेच त्याच्यापुढे येऊन उभं राहतं. त्या काळाचा संदर्भही मनात ठेवा. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, पण ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होतं, ते १९५४ मध्ये पूर्ण उठलं. लंडनमध्ये बॉम्बने पाडलेल्या जागा या सिनेमातही दिसतात. अशा काळात तोंडातून ब्र न काढणाऱ्या कारकुनाने बँकेचं सोनं लांबवावं, हे थेटरात बसलेल्या निम्म्या लोकांचं मनातले मांडे खाणं असणार.

आता बेताबद्दल, कारण तुमच्या पटकथेत मला याच जागी सगळ्यांत जास्त धोका दिसतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक चोरीचा विनोदी सिनेमा आला होता. नाव नको. त्यात बेत आखण्याचा प्रसंग ११ मिनिटांचा: नकाशा, फळा, खडू, कोण कुठल्या कोपऱ्यावर उभं राहणार, कोण केव्हा शिट्टी मारणार. पुढची १४ मिनिटं सगळं बरहुकूम तसंच घडायचं. पहिल्यांदा दहा-बारा जणांना दाखवला, तेव्हा चोरी सुरू झाल्यावर एकेक जण खिशातून फोन काढू लागला. आणि बरोबरच होतं ना! एकच चोरी त्यांना दोनदा पाहायला लावली होती. मी बेताचा प्रसंग "आता नीट ऐका, एकदाच सांगणार" या वाक्यावर तोडला आणि थेट चोरीवर गेले. दिग्दर्शक चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढच्या खेळाला माणसं हसली, तेव्हा बोलू लागला.

बेताचा नियम साधा आहे. प्रेक्षकाला आधी सांगितलेला बेत फसला पाहिजे, न सांगितलेला बेत जमला पाहिजे. सांगायचाच असेल, तर सांगतानाच काहीतरी बिनसलं पाहिजे. 'द इटालियन जॉब' (१९६९) मधली तालीम आठवते का? व्हॅनचे फक्त दरवाजे उडवायचे असतात आणि अख्खी व्हॅनच उडते. त्या एका धडाक्यात तुम्हाला तीन गोष्टी कळतात: बेत काय आहे, टोळी किती कच्ची आहे आणि मायकेल केनच्या पात्राची सहनशक्ती कुठे संपते. 'लॅव्हेंडर हिल'मध्ये टोळीची भरती कशी होते, तेही पाहा. हे दोघे सज्जन, चोर शोधायचे कुठे? मग ते लोकांत जाऊन मोठमोठ्याने बोलतात की आमच्या कारखान्याची तिजोरी बिघडलीय आणि पगाराची रक्कम आत पडून आहे. रात्री अंधारात बसून वाट पाहतात. चोर आपणहून येतात. पात्रं कोण आहेत, हे या एका क्लृप्तीतून जेवढं कळतं, तेवढं दहा मिनिटांच्या संवादांतून कळलं नसतं.

हे लिहिणारा टी. ई. बी. क्लार्क. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने 'द ब्लू लॅम्प' हा पोलिसांवरचा गंभीर सिनेमा लिहिला होता. बिनतारी संदेश, गस्तीच्या गाड्या, कर्तव्य, सगळं अगदी शिस्तीत. 'लॅव्हेंडर हिल'च्या शेवटी पोलिसांच्या गाड्या चुकीच्या संदेशांमागे धावून एकमेकींवर आदळतात, ती त्याने स्वतःच्याच कामाची उडवलेली टर. या पटकथेला ऑस्कर मिळालं. ज्याला यंत्रणा आतून माहीत असते, तोच तिची फजिती नेमकी लिहू शकतो, म्हणून तुम्हालाही सुचवते: तुमचे चोर जिथे चोरी करतात, तिथे दोन दिवस जाऊन बसा. शिपाई चहाला केव्हा उठतो ते पाहून या.

आता 'द लेडीकिलर्स' (१९५५). तुम्ही पाहिला नसेल, तर माझं उत्तर इथेच सोडा आणि आधी तो पाहा, कारण पुढे मी सगळं फोडणार आहे.

किंग्ज क्रॉसजवळचं एक वाकडं घर. बॉम्बफेकीपासून भिंतीवरची चित्रं सरळ टांगलीच जात नाहीत. घरात एकटी विल्बरफोर्सबाई आणि तिचे पोपट. खोली भाड्याने घेतो एक प्रोफेसर, म्हणजे अ‍ॅलेक गिनेस, तोच जो आधी हॉलंड होता. त्याचे चार साथीदार वाद्यांच्या पेट्या घेऊन सरावाला येतात. खोलीत बोकेरिनी या जुन्या संगीतकाराची तबकडी लावून ठेवायची आणि दार बंद करून दरोड्याचं बोलायचं. पण म्हातारी दर थोड्या वेळाने दार ठोठावते: चहा घेणार का? पाच जण धडपडत वाद्यं उचलतात, ती गेली की पुन्हा खाली ठेवतात. हा प्रसंग मी शिकणाऱ्या मुलांना दाखवते, तेव्हा आवाज बंद करून दाखवते. संवाद नसतानाही हसू येतं, कारण विनोद लयीत आहे: ठोठावणं, धांदल, दार, हसरे चेहरे, दार, सुटकेचा श्वास. प्रत्येक वेळी थोडं आधी, थोडं उशिरा. तीच गोष्ट पुन्हा होते, पण त्याच वेळेला कधीच होत नाही.

दरोडा जमतो. चोरीच्या पैशांनी भरलेली ट्रंक स्टेशनवरून घरी कोण आणतं? खुद्द म्हातारी, तिला काही कल्पना नसताना. मग निघता निघता चेलोची पेटी दारात अडकते, हिसका बसतो, पेटी उघडते आणि नोटा बाहेर. इथून पुढे पाच दरोडेखोर एका म्हातारीसमोर खोडकर पोरांसारखे उभे. त्यात तिच्या मैत्रिणी चहाला येतात आणि टोळीला त्यांच्यासोबत बसावं लागतं. शेवटी तिला मारायचं ठरतं, चिठ्ठ्या टाकतात, कुणाचाच हात उठत नाही आणि एकमेकांच्या जिवावर उठून पाचही जण संपतात. म्हातारी पोलिसांकडे पैसे परत करायला जाते, तर त्यांना वाटतं नेहमीसारखी काहीतरी कल्पना. तुम्हीच ठेवा, म्हणतात. रस्त्यात ती फरसबंदीवर चित्रं काढणाऱ्याला एक नोट देऊन पुढे निघते.

गंमत म्हणजे इतका अस्सल इंग्लिश वाटणारा हा सिनेमा बॉस्टनमध्ये जन्मून ग्लासगोत वाढलेल्या अलेक्झांडर मॅकेंड्रिकने केला आणि लिहिला विल्यम रोझ या अमेरिकन माणसाने. घरातल्यांना घराचा वास येत नाही, तो पाहुण्याला येतो.

पाच मृत्यू असूनही हा विनोदी सिनेमा कसा राहतो? संकलकाच्या नजरेने पाहा. घराच्या मागेच रेल्वेची खोल खाच आहे. प्रेत खालून जाणाऱ्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत पडतं, वाफेचा लोट येतो आणि गाडी निघून जाते. जखम दिसत नाही, तडफड दिसत नाही, मागे उरलेलं काहीही दिसत नाही. मृत्यू माल होतो आणि गाडीने रवाना होतो. तुमच्या पटकथेत ७२ व्या पानावर जो सुरा खुपसला जातो, तो पडद्यावर दिसला तर पुढे कुणी हसणार नाही. माणूस जाऊ दे, पण कॅमेऱ्याने त्या क्षणी दुसरीकडे बघावं. 'लॉक, स्टॉक'मध्येही तेच. टोळ्या एकमेकींना गोळ्या घालतात, पण आपल्या चौघा मित्रांच्या हातून एकही खून होत नाही. प्रेक्षक त्यांच्या बाजूने राहतो, तो त्यामुळेच.

आता तुमचा मूळ प्रश्न: पकडायचं की सोडायचं?

जुन्या सिनेमांत एक कारण अगदी व्यावहारिक होतं. गुन्हेगाराचा फायदा झालेला दाखवायचा नाही, अशी तेव्हाची चौकट होती, विशेषतः अमेरिकेत सिनेमा विकायचा असेल तर. ईलिंगच्याच 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) मध्ये खुन्याच्या हातून कबुलीजबाबाची वही तुरुंगात राहते आणि सिनेमा तिथेच संपतो. अमेरिकी प्रतीत ती वही अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचं दाखवणारा तुकडा जोडावा लागला. पण बंधन असलं की हुशार माणूस त्याचाच दागिना करतो. 'लेडीकिलर्स'मध्ये पैसा म्हातारीला मिळतो, ती चोर नाही, चौकट खूश. 'इटालियन जॉब'मध्ये सोन्याने भरलेली बस आल्प्सच्या कड्यावर लोंबकळते, सोनं मागच्या टोकाला, माणसं पुढच्या. कुणी सोन्याकडे सरकलं की सोनं आणखी मागे घसरतं. केन म्हणतो, थांबा, मला एक कल्पना सुचलीय, आणि सिनेमा संपतो. पकडलं नाही, सोडलंही नाही. लोकांना हा लोंबता शेवट इतका पुरला की २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने ते सोनं कसं वाचवता येईल यावर स्पर्धा ठेवली.

'लॉक, स्टॉक' (१९९८) आला तोवर असलं बंधन कुठे राहिलं होतं? तरीही शेवट बघा. ज्या जुन्या बंदुकांपासून सुटका करून घ्यायची म्हणून टॉमला पाठवलंय, त्या प्रचंड मोलाच्या आहेत हे बाकीच्यांना नंतर कळतं. टॉम थेम्सच्या पुलावरून वाकलाय, बंदुका कडेला अडकल्यात आणि तोंडात धरलेला मोबाइल वाजतोय. काळोख. हे वाचताना तुम्हाला हे आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं असेल, तर बरोबर आहे. 'फिर हेरा फेरी' (२००६) मध्ये अक्षय कुमारचा राजू अगदी असाच लटकलेला आहे. आपले बाबूराव आपटे दुसऱ्या टोकाला फोन लावतायत, एवढाच फरक.

म्हणजे सक्ती नव्हती तेव्हाही 'लॉक, स्टॉक'चा दिग्दर्शक गाय रिचीने घबाड हातात पडू दिलं नाही. कारण घबाड मिळालं की हे चौघे श्रीमंत होतात, आणि श्रीमंत माणसाची गोष्ट हा वेगळा सिनेमा आहे. या उलट 'अ फिश कॉल्ड वांडा' (१९८८) मध्ये चोर सुटतात, विमानात बसून दक्षिण अमेरिकेकडे जातात, आणि आपल्याला ते पटतं. का पटतं? तिथे खरं घबाड हिरे नाहीतच. जॉन क्लीझचा तो आखडलेला बॅरिस्टर आयुष्यभर लाज सांभाळत आलाय. तो सगळं टाकून पळतो, तीच त्याची लूट. ही त्याला मिळाली पाहिजे. तर शेवट ठरवण्याआधी स्वतःला विचारा, तुमच्या नायकाला चोरीतून खरं काय हवं होतं? पैसाच हवा असेल, तर देऊ नका. पैशाआड दुसरं काही लपलं असेल, तर ते द्या आणि पैसा खुशाल नदीत टाका.

हॉलंडलाही त्याचं मिळालंय, म्हणून मला त्यात फसवणूक दिसत नाही. त्याला एक वर्ष मिळालं. सिनेमा सुरू होतो तोच रिओतल्या एका उंची हॉटेलात: हॉलंड मजेत बसलाय, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पैसे वाटतोय, त्यातली एक तरुणी म्हणजे अजून कुणाला फारशी माहीत नसलेली ऑड्री हेपबर्न. शेजारी बसलेल्या इंग्लिश माणसाला तो आपली कहाणी सांगू लागतो.

जाता जाता तुमच्या पटकथेसाठी एक घरगुती उपाय. पात्रं बाजूला ठेवा आणि एका कागदावर फक्त मालाचा प्रवास लिहा. कुठल्या पानावर तो कुणाच्या हाती आहे, आणि त्या माणसाला आपल्या हाती काय आहे हे माहीत आहे का? 'लॉक, स्टॉक'चा असा कागद केलात, तर बंदुकांची रेघ पैशाच्या रेघेला वेटोळे घालताना दिसेल आणि संपूर्ण चित्र फक्त प्रेक्षकाला दिसत असतं. तुमच्या कागदावर माल चोरीनंतर एकाच पिशवीत, एकाच खोलीत ४० पानं पडून असेल, तर पटकथा का बसते ते कळेल. तो माल कुणा निरागस माणसाच्या हाती जाऊ दे. शेजारीण, लहान मुलगा, धोबी, कुणीही. त्याला किंमत माहीत नसावी, पण तो सोडायला तयार नसावा.

आणि 'लॅव्हेंडर हिल' पुन्हा पाहाल, तेव्हा रिओचा पहिला प्रसंग माझ्यासारखा पाहा. त्याचा दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन. दिग्दर्शक होण्याआधी त्याने निर्माता अलेक्झांडर कोर्डाकडे संकलक म्हणून वर्षानुवर्षं कात्री चालवली होती, म्हैसूरच्या साबूचा 'एलिफंट बॉय' त्यातलाच. ('वांडा'ही त्याचाच, ३७ वर्षांनंतर, वय सत्तरी पार.) त्याला नेमकं माहीत होतं, काय दाखवलं नाही तर ते खोटं ठरत नाही. त्या प्रसंगात एकही वाक्य खोटं नाही. दोन माणसं टेबलाशी बसलीयत, एक बोलतोय, एक ऐकतोय, एवढंच. ८० मिनिटांनी तेच टेबल, तीच माणसं, कहाणी संपलेली. दोघे उठतात, आणि तेव्हा पहिल्यांदा आपलं लक्ष मनगटांकडे जातं. बेडी एकच आहे, एक कडं हॉलंडच्या हातात आणि दुसरं ऐकणाऱ्याच्या.